समुद्रातील रेघ कोण ओढणार?

वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पायाभरणीही झाली. ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पातील भरावाच्या १,४४८ हेक्टरांची चर्चा पुष्कळ झाली. भरावाबाहेर जहाजांसाठी जो मार्ग आखला जाईल, त्याची व्हावी तितकी झालेली नाही.

वास्तविक कोळ्याच्या दृष्टीने हा मार्गही तितकाच निर्णायक होय. सागरी वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले व १९७७ पासून अमलात आले. खुल्या समुद्रात जाळे टाकून बसलेल्या होडीला यंत्रचलित जहाजाने वाट द्यावी, असे त्यांतील अठरावा नियम सांगतो. नववा नियम अरुंद मार्गाचा, म्हणजे बंदराच्या चॅनेलचा. तेथे मासेमारी करणाऱ्याने कोणत्याही जहाजाच्या वाटेत येता कामा नये. पाणी तेच, होडी तीच, जाळेही तेच. नकाशावर रेघ ओढली जाताच हक्क मात्र इकडचा तिकडे जातो.

नियम मुळात अवाजवी नव्हे. अवाढव्य जहाज चॅनेल सोडून वळू शकत नाही, चटकन थांबू तर मुळीच शकत नाही. चॅनेलमधील एका चुकीची किंमत ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईने पाहिली. न्हावाशेवाहून निघालेले ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबई बंदरात शिरणारे ‘खलिजिया-३’ एकमेकांवर आदळले. शेकडो कंटेनर समुद्रात पडले, शेकडो टन तेल पसरले आणि वाहतूक काही दिवस ठप्प झाली. जहाजाची तूट विम्याने भरून निघते. गिऱ्हाईक फिरकेनासे झाले तर कोळणीच्या पाटीतील मासळीला विमा नसतो.

अर्नाळ्यापासून राजोडी-कळंबवरून वसईपर्यंतच्या पट्ट्यात डोलीची मासेमारी जुनी आहे. समुद्रतळाशी खुंट ठोकावयाचा, भरती-ओहोटीच्या ओढीसमोर तोंड उघडे राहील असे जाळे त्याला बांधावयाचे आणि बोंबील आत शिरले की काढून घ्यावयाचे. हे जाळे जहाज पाहून बाजूला सरकत नाही. खुंटाच्या या जागेला कव म्हणतात. कोणाची कव कोणती हे समुद्रावर सर्वांना ठाऊक असते. तिचा सातबारा मात्र नसतो. या कवींवरून वसई-उत्तनचे आणि सातपाटी-डहाणूचे मच्छीमार वर्षानुवर्षे आपसात झगडत आले. चॅनेलपुढे हे दोन्ही पक्ष सारखेच निराधार आहेत.

शेतकऱ्याची जमीन गेली तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सुनावणी आहे, मोबदला आहे. कव गेली तर कागदोपत्री काही गेलेच नाही! भरपाई मिळालीच तर ती शासकीय धोरणाची कृपा. अर्थशास्त्र जिला सामाईक संपत्ती म्हणते, ती याहून स्वस्तात हस्तांतरित होणे कठीण.

देशाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगत व्यापारी जहाजांचे व मासेमारी नौकांचे मार्ग १ ऑगस्ट २०२० पासून वेगळे करण्यात आले. तेथे जे अपघातांनंतर सुचले, ते वाढवणला आधी सुचावयास हरकत नाही. चॅनेलचा आणि जहाजे नांगरण्याच्या जागेचा मराठी नकाशा, त्यावर कवी दाखवून, किनाऱ्यावरील मच्छीमार सहकारी सोसायट्यांपुढे ठेवला जावा. आणि रेघ कायम होण्यापूर्वी, जी कव तिच्यात जाते तिच्या धन्याचे नाव सरकारी दप्तरात लिहिले जावे.