फ्री डिशला ४के नको, एचडी हवे

दूरदर्शनच्या फ्री डिशवर आता ४के वाहिन्या यायलाच हव्यात, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड आहे. बाजारात ४३ इंची टीव्ही घ्यायला गेले की बहुतेक वेळा तो ४केच असतो. उपग्रहावरून एका घराला चित्र पाठवा की चार कोटी घरांना, खर्च तोच. मग महिन्याचा रिचार्ज न भरणाऱ्या प्रेक्षकानेच जुनाट, भुरकट चित्र का पाहावे? यातला शेवटचा प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे आणि त्याची टवाळी करणे गैर. मात्र ४के हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. उलट ४केच्या मागे लागलो, तर भुरकट चित्राचा काळ आणखी लांबेल.

अडचण अवकाशात आहे असा सर्वसाधारण समज असतो. ती खरे तर घरातल्या टीव्हीखालच्या डब्यात आहे. २००४च्या डिसेंबरात ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेली ही सेवा आज ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून चालते आणि तिच्यावरच्या अनेक वाहिन्या अजून एमपेग-२ या गेल्या शतकातल्या पद्धतीनेच पाठवल्या जातात. याचे कारण आळस नाही. बाजारातला स्वस्तातला स्वस्त बॉक्सही एमपेग-२ उलगडतो, म्हणून खासगी वाहिन्यांना तीच जागा हवी असते. ४के मात्र एचईव्हीसी या २०१३च्या संक्षेपण पद्धतीवाचून उपग्रहावर परवडत नाही आणि जुन्या बॉक्सला ती मुळीच कळत नाही. पैसे घेणाऱ्या डीटीएच कंपनीकडे प्रत्येक ग्राहकाचे नाव, पत्ता आणि रिचार्जची तारीख असते; तिला बॉक्स बदलून देता येतो, नाही बदलला तर सेवा थांबवता येते. फ्री डिशकडे ग्राहकच नाही. छत्री बसवली, बॉक्स जोडला, संपले. घरांचा चार कोटींवरचा आकडाही अंदाजाचाच आहे, कारण मोजायला यादीच नाही. केंद्राने २०२३च्या जानेवारीत मंजूर केलेल्या ‘बाइंड’ योजनेत दुर्गम, आदिवासी आणि सीमाभागांत आठ लाखांहून अधिक बॉक्स मोफत वाटण्याची तरतूद होती. आठ लाख आणि चार कोटी हे आकडे शेजारी ठेवले की बॉक्स बदलण्याचे काम केवढे मोठे आहे ते कळते.

यावर एक चांगला आक्षेप येतो. १९८२ साली, एशियाडच्या वर्षी, दूरदर्शन रंगीत झाले तेव्हा किती घरांत रंगीत संच होते? आधी प्रक्षेपण आले, मग संच आले. ४केचेही तसेच होईल. हा दाखला मात्र आक्षेप घेणाऱ्यांच्याच विरुद्ध जातो. रंगीत प्रक्षेपणाची पाल पद्धत अशी रचलेली होती की जुन्या कृष्णधवल संचावर तोच कार्यक्रम कृष्णधवल दिसत राही. कुणाचे काही बंद पडले नाही. एचईव्हीसीत पाठवलेली वाहिनी जुन्या बॉक्सवर कमी स्पष्ट दिसत नाही, ती दिसतच नाही. म्हणजे ४के आणायचे तर तीच वाहिनी जुन्या पद्धतीनेही चालू ठेवावी लागणार आणि उपग्रहावरची जागा दुप्पट नव्हे, कितीतरी पट अडणार. एमपेग-२ मधल्या साध्या एसडी वाहिनीला सेकंदाला दोन-तीन मेगाबिट पुरतात. खेळाचे नीट दिसणारे ४के चित्र एचईव्हीसीतही पंधरा ते पंचवीस मेगाबिट मागते. एका ४के वाहिनीसाठी सात-आठ एसडी वाहिन्या हटवाव्या लागतील.

आणि त्या वाहिन्या म्हणजे फ्री डिशचे उत्पन्न आहे. प्रसार भारती वाहिन्यांच्या जागांचा ई-लिलाव करते, त्यातून वर्षाला शेकडो कोटी रुपये मिळतात, मागणी असलेल्या गटात एकेका जागेची बोली दहा कोटींपलीकडे जाते. जागा आटल्या तर बोलीत आधी कोण गळेल? हिंदी मालिका आणि हिंदी चित्रपटांच्या वाहिन्या तग धरतील. मराठीसारख्या भाषांतल्या, मर्यादित जाहिरातींवर जगणाऱ्या वाहिन्यांची जागा जाईल. जाहिरातदार प्रेक्षक मोजून पैसे देतो, पिक्सेल मोजून नाही, हे ४केच्या पुरस्कर्त्यांनी एकदा नीट लक्षात घ्यावे.

परदेशाकडे बोट दाखवले जाते, तेही अर्धेच. जपानच्या एनएचकेने १ डिसेंबर २०१८ रोजी उपग्रहावर ४के आणि ८के सुरू केले, इटलीत तिवूसॅट या उपग्रह सेवेवर राय या सार्वजनिक प्रसारकाची ‘राय ४के’ वाहिनी विनाशुल्क दिसते. खरे आहे. पण दोन्ही संस्थांच्या पाठीशी प्रेक्षकांकडून सक्तीने वसूल होणारे शुल्क आहे आणि एनएचकेने २०२३च्या डिसेंबरात पुनर्रचना करताना उपग्रहावरची आपली एक वाहिनी कमीही केली. बीबीसीला तर तंत्रज्ञानाचीही अडचण नव्हती. एनएचकेबरोबर एचएलजी ही एचडीआर पद्धत तिनेच विकसित केली. तरी २०१८च्या फुटबॉल विश्वचषकाचे ४के प्रक्षेपण तिने इंटरनेटवरच्या आयप्लेअरवर केले. उपग्रहावर तिने उचललेले मोठे पाऊल वेगळेच होते: २०२४च्या जानेवारीत एसडी बंद करून सगळे एचडीवर आणणे. जर्मनीच्या एआरडीने २०२५च्या जानेवारीत तेच केले. आपल्याकडेही २०२३ची आयपीएल ४केमध्ये फुकट दिसली ती जिओसिनेमावर, म्हणजे इंटरनेटवर. त्याआधी २०१५मध्ये टाटा स्कायने ४के बॉक्स आणला होता. सशुल्क डीटीएचवरही ते प्रकरण तिथून फारसे पुढे गेले नाही.

आता डोळ्यांचा हिशेब. सर्वसाधारण दृष्टीच्या माणसाला ३२ इंची पडद्यावर एचडी आणि ४के यांतला फरक दिसायचा तर सुमारे चार फुटांच्या आत बसावे लागते. ४३ इंचीवर साडेपाच-सहा फुटांच्या आत. एवढ्या जवळून कोण टीव्ही पाहतो? एसडी आणि एचडी यांतला फरक मात्र ३२ इंचीवर सात-आठ फुटांवरूनही कळतो, आणि एसडी वाहिन्या एका ट्रान्सपाँडरवर दाटीवाटीने कोंबल्या की धावत्या चेंडूमागे जे चौकोनी तुकडे उमटतात ते त्याहून दुरूनही दिसतात. ४केवाल्यांची एक गोष्ट मान्य करायला हवी: ४केसोबत येणारी एचडीआरची उजळ-गडद छटांची श्रीमंती कुठल्याही अंतरावरून जाणवते. पण ती एचडी चित्रालाही देता येते, त्यासाठी चौपट पिक्सेल लागत नाहीत.

म्हणून गरिबाला दुय्यम चित्र का, या प्रश्नाचे उत्तर एचडीत आहे. एमपेग-४ या एमपेग-२नंतरच्या पद्धतीतली एचडी वाहिनी पाच-सहा मेगाबिटांत बसते. ती दाखवणारे बॉक्स बाजारात आहेत, फ्री डिशवर एमपेग-४च्या जागाही आहेत. नाही तो शेवटची तारीख जाहीर करण्याचा निर्धार. पुढच्या लिलावांत एमपेग-२ची मुदत स्पष्ट लिहावी, त्या मुदतीपर्यंत लिलावाच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा बॉक्सच्या अनुदानात जावा, आणि सह्याद्रीसारख्या वाहिन्यांनी एचडी हेच मूळ प्रक्षेपण मानावे. ४केला दार कायमचे बंद करावे असे मी म्हणत नाही. उपग्रहाचा ट्यूनर आतच असलेल्या टीव्हीसाठी भारतीय मानक ब्यूरोने मानक ठरवले आहे. असे संच घरोघर आले, ते एचईव्हीसी उलगडू लागले, की एमपेग-२ गेल्याने मोकळी झालेली एखादी जागा प्रजासत्ताक दिनाचे संचलन किंवा मोठ्या सामन्यांपुरती ४केला द्यावी. क्रिकेटच्या राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण दूरदर्शनला देण्याचे बंधन २००७च्या कायद्याने खासगी हक्कधारकांवर आहेच. ते कोणत्या दर्जात द्यायचे, हे वाटाघाटीचे काम तोवर उरकता येईल.