सावलीतील नोकरी



गेल्या महिन्यात खानापूर तालुक्यातील एका बंधूंचे पत्र आले. ह्या सदराकडे येणाऱ्या पत्रांत शेतीच्या, सोयरिकीच्या आणि मुलांच्या शिक्षणाच्या अडचणी नेहमीच असतात. हे पत्र मात्र निराळे होते. म्हणून त्यातील मजकूर नावगाव गाळून येथे देतो. ते लिहितात :

“आमची थोरली मुलगी बी. ए. झाली आणि बंगळुरात एका डेटा कंपनीत लागली. आमच्या घराण्यात आजवर सर्वांनी उन्हापावसात काम केले. सावलीत, खुर्चीवर बसून पगार घेणारी ही पहिलीच. पहिल्या दोन पगारांतून तिने घर शाकारून घेतले, धाकट्याची फी भरली. नाताळाला आली ती मात्र गप्प गप्प होती. काय काम करतेस म्हणून विचारले, तर ‘सांगायची मनाई आहे’ म्हणते. परत जाण्याच्या आदल्या रात्री आईजवळ रडली आणि नोकरी नको म्हणाली. सावलीतल्या नोकरीत रडण्यासारखे काय असते, ते आम्हांस उमगत नाही. तिला परत बोलवावे, की धीर धर म्हणावे ?”

ह्या बंधूंना निराळे उत्तर धाडलेच आहे. परंतु आपल्या गावागावांतून मुलेमुली ह्या कामाकडे वळू लागली आहेत. तेव्हा हे काम असते तरी कसे, त्यात माणसाला काय आवडते आणि काय सलते, ह्याचा विचार आपण सर्वांनीच करणे बरे.

डेटा म्हणजे नोंदींचा साठा. माणसांनी नोंदी कराव्यात आणि यंत्राने त्यांची मोजदाद करावी, हा प्रकार तसा जुना आहे. अमेरिकेच्या १८९० सालच्या शिरगणतीत हर्मन हॉलरिथ ह्यांच्या यंत्राने सव्वासहा कोटींवर माणसांची मोजणी केली. परंतु त्या यंत्राला लागणाऱ्या कार्डांवर प्रत्येक माणसामागे भोके पाडण्याचे काम कारकुनांनीच केले होते. यंत्राचा गाजावाजा झाला. भोके पाडणारे हात विस्मृतीत गेले.

आजचे काम त्याच जातीचे, पण पुष्कळ पुढे गेलेले आहे. लहान मुलाला आपण बोट दाखवून ‘ही गाय, हे झाड’ असे शिकवितो. संगणकालाही तसेच शिकवावे लागते. फरक इतकाच, की मूल चार गायी पाहून शिकते आणि यंत्राला हजारो गायी दाखवाव्या लागतात. प्रत्येक चित्रात गायीभोवती चौकट काढून ‘गाय’ असे लिहिणारा माणूस कोठेतरी बसलेला असतो. २००९ साली अमेरिकेतील संशोधकांनी ‘इमेजनेट’ नावाचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. पुढे त्यात एक कोटी चाळीस लाखांवर चित्रे झाली. त्यांची वर्गवारी करण्यासाठी १६७ देशांतील सुमारे ४९ हजार माणसांनी घरबसल्या हात लावला होता. चालकाविना धावणारी मोटार असो की प्रश्नांना उत्तरे देणारे यंत्र असो, त्याच्या बुद्धीमागे अशी असंख्य माणसांची नजर असते.

आता ह्या कामात आवडण्यासारखे काय, ते प्रथम पाहू. कारण ते खरे आहे आणि ते नाकारणे अन्यायाचे होईल. ठरलेल्या तारखेला हाती येणारा पगार ही गरिबाच्या घरात लहान गोष्ट नव्हे. पाऊस लागला म्हणून रोज बुडत नाही. मुलीला संगणक हाताळता येऊ लागतो, चार ठिकाणच्या मुलामुलींची ओळख होते, घरात तिच्या शब्दाला वजन येते. हाच विचार मनात धरून लीला जाना ह्या भारतीय वंशाच्या अमेरिकन बाईंनी २००८ साली ‘समासोर्स’ नावाची संस्था काढली. गरिबाला भिक्षा नको, काम द्या, असे त्यांचे म्हणणे होते. तीच पुढे ‘समा’ कंपनी झाली. केनिया देशातील नैरोबी शहराच्या गरीब वस्त्यांतील अनेक तरुणांना तिने पहिली पगारी नोकरी दिली. लीला जाना २०२० साली वारल्या.

परंतु त्याच नैरोबीत पुढे जे घडले, ते ह्या कामाची दुसरी बाजू दाखविते. ‘टाइम’ ह्या अमेरिकन नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये एक वृत्तांत छापला. ‘ओपनएआय’ कंपनीच्या यंत्राला अभद्र आणि क्रूर मजकूर ओळखता यावा, म्हणून तशा मजकुराचे नमुने माणसांनी वाचून त्यांवर खुणा करावयाच्या होत्या. हे काम समा कंपनीकडे आले होते. त्यात मुलांवरील अत्याचार, खून, आत्महत्या अशांची वर्णने असत. नऊ तासांच्या पाळीत १५० ते २५० उतारे वाचावे लागत, असे कामगारांनी सांगितले. आकडा ७० च्या आसपास होता, असे कंपनीचे म्हणणे पडले. एका तासाच्या कामासाठी कंपनीला साडेबारा डॉलर मिळावयाचे होते. कामगाराच्या हाती मात्र तासाला १.३२ ते २ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे १०८ ते १६३ रुपये पडत. मानसोपचारतज्ज्ञांशी बोलण्याची सोय होती, असे कंपनीने म्हटले. कामगार म्हणाले, की ती पुरेशी नव्हती, आणि कामाच्या रेट्यात तिचा लाभ घेण्यास सवड मिळत नसे. फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने मुदतीपूर्वीच हे काम सोडले. त्यामुळे वाईट मजकूर डोळ्यांआड झाला खरा, पण त्यासाठी मिळणारा जादा भत्ताही गेला. ज्याने जीव विटला, त्याच्यावाचून चूल मंदावली, अशी ही कोंडी होती.

फेसबुकवरील भयंकर चित्रे गाळण्याचे काम नैरोबीतच करणाऱ्या १४० हून अधिक जणांना ह्या कामामुळे मनाचा गंभीर आजार जडल्याचे वैद्यकीय अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन खटल्याच्या संदर्भात उजेडात आले. त्याआधी १ मे २०२३ रोजी, कामगारदिनी, तेथील दीडशेंवर कामगारांनी एकत्र येऊन आपली संघटना उभारण्याचा ठराव केला होता.

सर्वच डेटा कंपन्यांतील काम असे असते, असे मात्र कोणी समजू नये. बहुतेकांच्या वाट्याला रस्त्यांची, शेतांची, पावत्यांची चित्रे येतात. तेथे भय नसते. पण सल असतात. प्रत्येक चित्रामागे घड्याळ लावलेले असते. चुकांचा हिशेब रोज फलकावर चढतो. सकाळी एक नियम, दुपारी दुसरा. आपण काढलेली चौकट कोणाच्या उपयोगी पडणार, हे कोणी सांगत नाही. शेतकऱ्याला आपले भात पोटरीला आलेले दिसते, सुताराला आपले दार बसलेले दिसते. ह्या मुलीला दिवसभराच्या कामाचे फळ कधीच दिसत नाही. त्यातच करार थोड्या महिन्यांचा, आणि वरची पायरी कोठे आहे ते ठाऊक नाही.

हे काम ह्याहून बरे करता येते, ह्याचेही उदाहरण आहे आणि त्याचा आपल्या भाषेशी संबंध आहे. बंगळुरातील ‘कार्य’ ही संस्था एका संशोधन-प्रकल्पातून निघाली. त्या प्रकल्पात आरंभी देवनागरी हस्ताक्षरातील शब्द मोबाइलवर उतरवून घेण्याचे आणि पुढे सामान्य मिळकतीच्या माणसांकडून मराठी वाक्ये वाचवून घेऊन त्यांचा आवाज साठविण्याचे काम झाले. संस्था २०२१ साली उभी राहिली. २०२३ साली ती तासाला निदान पाच डॉलर, म्हणजे चारशे रुपयांवर मोबदला देत होती, आणि तो साठा पुन्हा विकला गेल्यास बोलणाऱ्यालाही वाटा देण्याचे तिचे धोरण होते. कर्नाटकातील खेड्यांतल्या बायकांनी आपल्या मायबोलीत वाचून पैसे मिळविले. परंतु एकेका व्यक्तीला मिळणाऱ्या कामास मर्यादा होती. असे काम म्हणजे जोडउत्पन्न. त्यावर संसार उभा राहत नाही, हेही सांगावयास हवे.

१८९१ साली पोप लिओ तेरावे ह्यांनी कामगारांविषयी परिपत्रक काढले, तेव्हा गिरण्यांची भट्टी धडधडत होती. आपण लिओ हे नाव घेण्यामागे त्या परिपत्रकाचे स्मरण आहे आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे श्रमाच्या प्रतिष्ठेपुढे नवा प्रश्न उभा आहे, असे पोप लिओ चौदावे ह्यांनी १० मे २०२५ रोजी कार्डिनलांना सांगितले. खानापूरच्या ह्या घरातील प्रश्न तोच आहे.

आता आमच्या बंधूंना काय लिहिले, ते थोडक्यात सांगतो.

‘सावलीत रडण्यासारखे काय ?’ हा प्रश्न प्रथम मनातून काढून टाका. ऊन अंग भाजते. काही कामे अंगाला न शिवता मन भाजतात. मुलगी नाजूक झाली किंवा तुमचे वळण कमी पडले, असे मुळीच नाही.

दुसरे, तिला पत्राने निर्णय कळवू नका. एक दिवस काढून स्वतः बंगळुरास जा. कंपनीची गुपिते विचारू नका. ग्राहकाची माहिती बाहेर सांगू नये, असा करार ह्या धंद्यात असतो. पण आपल्याला झोप लागत नाही, जेवण जात नाही, हे आईबापांना किंवा डॉक्टरांना सांगणे म्हणजे गुपित फोडणे नव्हे. हे तिला स्पष्ट सांगा. सरकारची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनीसेवा मनाच्या दुखण्यासाठीच आहे आणि ती अनेक भाषांत चालते.

तिसरे, तिच्याकडून चार गोष्टी समजून घ्या. मजकूर भीतिदायक आहे, की काम केवळ कंटाळवाणे ? त्याच कंपनीत दुसरे काम मागता येते काय ? करार केव्हा संपतो ? आणि ह्या कामातून पुढे नेणारे काही ती शिकते आहे काय ? काम केवळ कंटाळवाणे असेल, तर दुसरी जागा मिळेपर्यंत धीर धरण्यात अर्थ आहे. मजकूर मनाला पोखरणारा असेल आणि बदल मिळत नसेल, तर पगाराकडे न पाहता तिला घरी आणा.

आणि चौथे, जे लिहिताना माझाही हात अडखळला. तिने रडत का होईना, आठ महिने काढले, ते कदाचित शाकारलेल्या घराकडे आणि भावाच्या फीकडे पाहून. तो भार तिच्या एकटीच्या खांद्यावर नाही, हे तिला तुमच्या तोंडून ऐकावयाचे असेल. फीची तजवीज आपण वडीलधारी माणसे बसून करू. तसे तुमच्या फादरांशी बोलणेही झाले आहे.

गेल्या आठवड्यात त्यांचे दोन ओळींचे कार्ड आले : “रविवारच्या रात्रीच्या गाडीने निघतो आहे. तिला आधी कळविलेले नाही. आईने तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या आहेत.”

ज्यांची मुले अशा नोकरीत आहेत, त्यांनीही आपला अनुभव, बरा असो वा वाईट, आम्हांस अवश्य कळवावा.