‘तंबाखू नाही खात, मशेरी लावते!’

३१ मे जवळ आला की आपल्याकडे तंबाखूविरोधी दिनाची धांदल सुरू होते. प्रभातफेरी, शपथ, निबंधस्पर्धा, चौकात एखादा फलक. फलकावरचं चित्र ठरलेलं. सिगारेट ओढणारा पुरुष आणि धुरातून डोकावणारी कवटी. सिनेमा सुरू होण्याआधी दाखवतात त्या इशाऱ्यांतही बहुतेक बाप्येच. मैत्रिणींनो, या सगळ्यात आपण बायका कुठे असतो? असलोच तर ‘व्यसनी नवऱ्याची बिचारी बायको’ म्हणून.

इंग्लंड-अमेरिकेत ‘गरोदरपण आणि तंबाखू’ म्हटलं की सिगारेट ओढणारी बाई डोळ्यांपुढे येते. आपल्याकडे तसं नाही. २०१६-१७ मध्ये देशभर तंबाखूची मोठी पाहणी झाली. तिच्यात महाराष्ट्रातल्या धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया दीड टक्क्याहूनही कमी निघाल्या. हे वाचून हायसं वाटेल, पण त्याच पाहणीतला पुढचा आकडा बघा. बिनधुराची तंबाखू, म्हणजे खायची, चघळायची, दातांना लावायची, वापरणाऱ्या स्त्रिया सोळा टक्क्यांच्या वर. म्हणजे सहा बायकांमागे एक. आपल्या भिशीत बारा जणी असल्या तर हिशोब करून बघा.

या बिनधुराच्या तंबाखूत आपल्या भागातली राणी म्हणजे मशेरी. कुणी मिश्री म्हणतं, कुणी मिसरी. कोकणात आहे, घाटावर आहे, मुंबईच्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांत आहे, गोव्यातही आहे. तंबाखूची पानं तव्यावर काळीभोर होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची. भाजताना ठसका असा उठतो की शेजारच्या घरातली माणसं खोकत बाहेर येतात. सकाळी तर्जनीवर घेऊन दातांवर फिरवायची, हे झालं निमित्त. मग चहानंतर, जेवणानंतर, शेतात भांगलताना, दुपारी अंग टाकण्याआधी, रात्री झोपताना. काही बायका दिवसातून सहा-सात वेळा लावतात आणि वीस-वीस मिनिटं तोंडात धरून बसतात. दात घासायला वीस मिनिटं कुणाला लागतात?

पण तिला व्यसन म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि सगळी गोम इथेच आहे.

गरोदर बायकांबरोबर तपासणीला जाणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. एकदा एका केंद्रात आमच्या वस्तीवरची बावीस वर्षांची पोरगी नाव नोंदवत होती. दुसरी खेप, पाचवा महिना. सिस्टरांनी वजन घेतलं, रक्तदाब बघितला, हिमोग्लोबिनसाठी बोट टोचलं आणि कार्डावरची मान वर न करता विचारलं, “तंबाखू, दारू, काही व्यसन?” पोरगी म्हणाली, “न्हाई.” झालं. अर्ध्या तासानं बाहेर कडुनिंबाखाली बसून तिनं कनवटीची डबी काढली. मी म्हटलं, “अगं, आत तर नाही म्हणालीस!” तर निरागसपणे म्हणते, “काकू, ते काय यसन हाय व्हय? दाताला लावायचं हाय ते. तंबाकू आमच्यात बाप्ये खात्यात.”

ती खोटं बोलत नव्हती. प्रश्न चुकला होता. आपल्या भाषेत तंबाखू ‘खातात’, विडी ‘ओढतात’ आणि मशेरी ‘लावतात’. ‘खाता का’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’च येणार. आणि ‘व्यसन’ हा शब्द काढलात तर कुठली सून सासूसमोर हो म्हणेल? सिस्टरांनाही दोष देववत नाही. बाहेर साठ बायका रांगेत उभ्या असतात.

यातून बाळाचं नुकसान काय होतं, ते आपल्या मुंबईतच मोजलं गेलंय. डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमोनी यांनी तिथल्या सुमारे बाराशे गरोदर बायकांचा बाळंतपणापर्यंत पाठपुरावा केला. २००४ साली तो अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. त्यातल्या सतरा टक्के बायका बिनधुराची तंबाखू वापरत होत्या, मुख्यतः मशेरीच. बाकीच्या गोष्टींचा फरक वजा करूनही त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली आणि सहा दिवस आधी जन्मली. त्याच संशोधकांनी २००६ मध्ये मृतजन्माबद्दल लिहिलं. तंबाखू लावणाऱ्या-खाणाऱ्या बायकांत मूल पोटातच दगावण्याचा धोका अडीच पटींहून जास्त दिसला.

शंभर ग्रॅम म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. चहा-साखरेच्या डब्यातली एक वाटी. पण आपल्या बायकांचं बाळ मुळातच अडीच किलोच्या आसपास घुटमळतं. अडीच किलोच्या खाली गेलं की ते ‘कमी वजनाचं’ ठरतं, म्हणजे गारठा लवकर बाधणार, जंतुसंसर्ग लवकर होणार, अंगावर ओढायला ताकद कमी पडणार. सव्वातीन किलोच्या बाळाचे शंभर ग्रॅम गेले तर निभावतं. दोन किलो सहाशेच्या बाळाचे गेले तर ते त्या रेषेवरच येऊन उभं राहतं. ज्या घरात आईच्या रक्तात आधीच लोह कमी आहे, तिथेच बहुतेक वेळा डबीही असते.

हे घडतं कसं, तेही समजून घेऊ, कारण ‘धूर तर नाही ना आत जात’ ही समजूत चांगल्या शिकलेल्या बायकांतही आहे. हिरड्यांची कातडी नाजूक असते, तिच्यातून निकोटीन सरळ रक्तात उतरतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात, वारेला रक्त कमी मिळतं. बाळाचा सगळा शिधा त्या वारेतूनच जातो. शिवाय सुनेलाच सासूची मशेरी भाजायला बसवतात. ती स्वतः लावत नसली तरी तो ठसका तिच्या छातीत जातोच.

आता कायद्याचं बघा. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारनं १९९२ मध्येच बंदी केली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटखाबंदी आहे (ती किती पाळली जाते हे टपरीवाल्यालाच विचारा). पण मशेरी या सगळ्यातून अलगद निसटते. ती कारखान्यात थोडीच होते? आठवड्याच्या बाजारात सुट्टी तंबाखू मिळते, तवा घरात असतो. तयार पाकिटावर निदान तो भयंकर फोटो असतो आणि २०१८ पासून व्यसन सोडण्यासाठीच्या मदतीचा फोन नंबरही. कागदाच्या पुडीतून आणलेल्या तंबाखूवर ना फोटो, ना नंबर. ज्या बाईला त्या नंबराची गरज, तिच्या हातात तो पडतच नाही. म्हणून इथे देते: १८००-११-२३५६. फोन फुकट आहे, मराठीतून बोलता येतं.

परदेशात काय करतात? इंग्लंडमध्ये गरोदर बाईनं नाव नोंदवलं की पहिल्याच भेटीत सुईण तिला सिगारेटबद्दल विचारते आणि एका छोट्या यंत्रात फुंकर मारायला लावते. श्वासातल्या कार्बन मोनॉक्साइडवरून यंत्र खरं काय ते सांगतं. धूर आढळला तर बाईनं मागायची वाट न बघता तिचं नाव मदत करणाऱ्या माणसाकडे जातं. नको असेल तर तिनं ‘नको’ म्हणायचं. मला यातला हा उलटा क्रम फार आवडला. आपल्याकडे मदत मागणाऱ्यालाच मिळते, आणि मागायचं असतं हेच बाईला ठाऊक नसतं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत तर सिगारेट सोडणाऱ्या गरोदर बायकांना खरेदीची कुपनं देऊन बघितली. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नुसत्या नेहमीच्या मदतीवर शंभरातल्या आठ-नऊ जणींनी सिगारेट सोडली होती, कुपनं मिळालेल्यांपैकी बावीस-तेवीस जणींनी.

आमच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा एक उत्साही ताई म्हणाल्या, मग मातृवंदना योजनेचे पैसे मशेरी सोडणारीलाच द्या! मला हे मुळीच पटत नाही. ग्लासगोत जादा दिलं होतं, हक्काचं अडवलं नव्हतं. पैसे अडवले की बाई मशेरी सोडणार नाही, डबी लपवेल. आधी पदराआड होती, मग धान्याच्या कणगीत जाईल. आणि ते फुंकर मारायचं यंत्र आपल्याला काय कामाचं? मशेरीत धूर नाही, यंत्राला काहीच कळणार नाही. आपल्याकडे यंत्र एकच, ते म्हणजे विचारणाऱ्या बाईचं तोंड. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१३ मध्ये हेच सांगितलं. प्रत्येक गरोदर स्त्रीला, प्रत्येक तपासणीत तंबाखूबद्दल विचारा आणि सोडायला मदत करा. त्यात नुसती सिगारेट नाही, तंबाखूचे सगळे प्रकार आले.

विचारायचं कसं, ते आमच्या गावातल्या आशाताईकडून शिकावं. ती म्हणते, “दात कशानं घासतीस गं? दिवसातनं किती बार लागती?” आवाजात ना दरारा, ना कीव. जणू चहा किती बार लागतो असं विचारतेय. मग बाई आपणहून सांगते, “चार बार.” खरं सांगणारी बाई समोर बसली की पुढचं बोलता येतं.

पुढचं बोलणं म्हणजे तरी काय? ‘बाळासाठी सोड’ हे तर झालंच, पण बाई मशेरी का लावते हे ऐकल्याशिवाय ते वाया जातं. मी ऐकलेलं कारण बहुतेक एकच: “लावली न्हाई तर पोट साफ हुईना.” आता गंमत बघा. आपणच तिला लोहाच्या गोळ्या देतो, त्या घ्यायलाच हव्यात, पण त्यांनी काही जणींना शौचाला खडा होतो. मग ती मशेरी एक बार वाढवते, नाहीतर गोळ्या उकिरड्यावर टाकते. गोळीबरोबर पाणी भरपूर पी, पालेभाजी खा, त्रास झाला तर गोळी बंद न करता मला सांग, एवढं तिला कुणी सांगितलं तर मशेरीचं अर्धं कारण तिथेच गळून पडतं. दुसरं कारण मळमळ. तिसरं कुणी पटकन बोलत नाही. मशेरीनं भूक मरते. सकाळी सगळ्यांचे डबे करून रानात जाणाऱ्या बाईला भूक मरणं सोयीचं असतं. तिथे नुसता उपदेश करायची मला लाज वाटते. तिच्या फडक्यात एक भाकरी जास्त कशी जाईल, ते आधी बघावं लागतं.

सोडल्यावर पहिले काही दिवस डोकं धरतं, चिडचिड होते, झोप लागत नाही. हे आधी सांगून ठेवलं नाही तर बाई घाबरते, ‘बाळालाच काही होतंय’ म्हणून परत डबी उघडते. तोंडात धरायला बडीशेप, लवंग, भाजलेला ओवा चालतो. मेडिकलमध्ये मिळणारं निकोटीनचं च्युइंगम मात्र गरोदर बाईनं आपल्या मनानं आणू नये, डॉक्टरांना विचारावं.

पण खरी किल्ली सासूबाईंकडे. डबी त्यांची, तवा त्यांचा, पहिली चिमूट बहुतेक त्यांनीच दिलेली. सुनेला एकटीला समजावून घरी पाठवणं म्हणजे पाण्यात उभं करून ‘भिजू नकोस’ म्हणण्यासारखं. एक आजी मला म्हणाल्या, “माझी पाच पोरं मशेरी लावूनच झाली. एकाला तरी धाड भरली का?” मी विचारलं, “आजी, पाच जगली. झाली किती?” त्या जरा वेळ थांबल्या. म्हणाल्या, “सात.” दोन गेली ती मशेरीनंच गेली असं मी म्हणणार नाही, तेव्हा गावात दवाखाना नव्हता, रस्ता नव्हता. पण त्यांचा आवाज खाली आला आणि सुनेकडे बघून त्या म्हणाल्या, “बाळंत हुस्तवर भाजायची असली तर मी भाईर चुलीवर भाजीन. तू नगं बसूस.” त्यांनी स्वतःची सोडली नाही. पण सुनेपुढची डबी त्या दिवशी उचलली गेली.

दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची खास तपासणी असते, २०१६ पासून. त्या रांगेत सासवाही असतात, दोन-दोन तास बसून असतात. त्यांच्याशी बोलायला यापेक्षा चांगली वेळ कुठली? महिला मंडळातल्या, बचतगटातल्या दोघी-तिघींनी तिथे जाऊन बसावं. यासाठी ना जी.आर. लागतो, ना निधी. सिस्टरांना साठ बायकांत जे जमत नाही ते आपल्याला ओट्यावर बसून जमतं.

आणि बाळंतपण झालं म्हणून विचारणं थांबवू नका. सोडलेली मशेरी परत सुरू होते ती बहुतेक माहेरीच. शेकशेगडी, रात्रीची जागरणं, आणि आई मायेनं म्हणते, “आता मोकळी झालीस, घे चिमूटभर.” निकोटीन दुधातूनही बाळाला जातं. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळीसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी जाते, बाळाला काट्यावर घालते. त्या सहाही वेळा, काटा गुंडाळून ठेवता ठेवता, तोच प्रश्न परत विचारायचा: “दात कशानं घासतीस गं?”