तुझ्यावाचून अडते आहे

आषाढी वारीच्या वाटेवर तुकोबारायांची पालखी इंदापूरच्या अलीकडे निमगाव केतकीला मुक्काम करते, तेव्हा गावात बिनकामाचे कुणी उरत नाही. कुणी पाणी वाहतो, कुणी घरोघरच्या भाकरी गोळा करतो. शाळकरी पोरालाही हाक मारून काम सांगितले जाते. एरवीही पानमळ्यांच्या या गावात घरच्या मुलाचा खाडा लगेच जाणवतो. पाने खुडायची राहतात, गुरांची वैरण खोळंबते.

हाच मुलगा उच्चशिक्षणासाठी पुण्यात येतो आणि हजेरीपटावरचा एक क्रमांक होऊन जातो. चार दिवस तो वर्गात दिसला नाही, तरी कुणाचे काही अडत नाही.

1981 साली अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग व त्यांच्या सहकारी क्लेअर मॅकलॉ यांनी या जाणिवेची फोड केली. आपली कुणी दखल घेते, आपण कुणाला महत्त्वाचे वाटतो आणि कुणीतरी आपल्यावर विसंबून आहे, अशी ती तिपेडी जाणीव. यांपैकी पहिल्या दोन पेडांसाठी आपण सत्कार, गुणगौरव असे पुष्कळ काही करतो. तिसरा मात्र आपणच तोडतो, आणि तोही मायेपोटी! ‘घरचे काही पाहू नकोस, तू फक्त अभ्यास कर,’ असे आईवडील सांगतात. पोटाला चिमटा घेऊन पैसे पाठवणाऱ्या त्या माणसांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारणच नाही. परंतु स्पर्धा परीक्षेत दोनदा अपयश आलेल्या मुलाच्या कानी त्याचा अर्थ निराळाच पोहोचतो : पद मिळेपर्यंत तुझा आम्हाला उपयोग नाही. मग तो सणालाही गावी जाण्याचे टाळू लागतो.

2022 या एका वर्षात देशात 13 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी जीवन संपवल्याची सरकारी नोंद आहे. त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातील होते. प्रत्येकामागचे कारण वेगळे, सगळी एका सूत्रात ओवणे अन्यायाचे ठरेल. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये 100 वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमण्यास सांगितले, हे योग्यच झाले. आजारी मनाला वैद्यकीय उपचारच हवेत. तेथे उपदेश कामाचा नाही. (‘टेलिमानस’चा 14416 हा विनामूल्य क्रमांक घरातही लिहून ठेवावा.) पण समुपदेशकाकडे मुलगा अडचण घेऊन जातो. ज्याच्यावाचून कुणाचे तरी अडते, अशी जागा त्याला तेथे कशी मिळणार?

ती जागा देण्याची रीत महाराष्ट्राला ठाऊक होती. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यातील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कामेही वाटून घेत. 1955 साली अच्युतराव आपटे यांनी पुण्यात सुरू केलेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीनेही ग्रामीण मुलांना निवाऱ्याबरोबर श्रमाचा वाटा दिला. ‘कमवा व शिका’कडे आज केवळ गरिबांची सोय म्हणून पाहिले जाते, हा त्या कल्पनेचा संकोच आहे. खात्यापित्या घरच्या मुलालाही वाचनालयाची किल्ली सांभाळायला मिळाली, तर बिघडले कुठे?

घरच्यांना तर त्यासाठी कुठल्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही. रविवारच्या फोनवर ‘अभ्यास कुठवर आला?’ या प्रश्नाआधी ‘मळ्यातले ठिबक यंदा बदलावे का, तुझे काय मत?’ असे विचारावे. आणि दिवाळीला तो गावी आला की त्याने सुचवलेली नळी त्याला मळ्यात अंथरलेली दिसावी.