गोवर नव्हता तो

‘आयन रँड? अरे, ती फेज असते. गोवरासारखी येते नि जाते.’ ऑफिसात चहाला कुणी ‘द फाउंटनहेड’चं नाव काढलं की हे वाक्य ठरलेलं. सगळे हसतात. काही वर्षं मीही हसलो. पण गोवरात ताप आपल्याला येतो. आम्ही तो दुसऱ्यांना दिला.

मला ही कादंबरी अठराव्या वर्षी मिळाली. इंजिनियरिंगचं पहिलं वर्ष, हॉस्टेल, सिनियरने दिलेली पायरेटेड प्रत. दिवसभर दुसऱ्याची जर्नलं उतरवून काढायची आणि रात्री हॉवर्ड रोर्क वाचायचा. कॉलेजने काढून टाकलेला आर्किटेक्ट, जो पोटासाठी ग्रॅनाइटच्या खाणीत राबेल, पण दुसऱ्याच्या आवडीची इमारत काढणार नाही. तीन रात्री धड झोपलो नाही. घरी मार्कांची भाषा, बाहेर पॅकेजची. काम चांगलं करण्यातच सगळं सुख असू शकतं, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. ते तिने सांगितलं. हे देणं मी नाकारणार नाही.

पण त्यासोबत एक शब्दही आला, ‘सेकंड-हँडर’. रँडच्या लेखी हा दुसऱ्यांच्या नजरेतून जगणारा माणूस. आम्ही मात्र तो शब्द आरक्षणातून आलेल्या मुलांसाठी वापरायला लागलो. दुसऱ्या वर्षी एम-थ्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री माझ्या रूम पार्टनरने मला पहाटे तीनपर्यंत लाप्लास ट्रान्सफॉर्म समजावला. पुढे महिन्याभरात मेसमध्ये वाद झाला आणि मी त्याला सगळ्यांसमोर तो शब्द ऐकवला. तो काही बोलला नाही. ताट उचलून गेला. पुढच्या वर्षी त्याने रूम बदलली. माझी निम्मी फी ईबीसीतून सरकार भरत होतं, हे मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही.

रँडचे चाहते म्हणतील, तुम्ही चुकीचं वाचलंत, त्यात तिचा काय दोष? आहे. विसरायचं कसं हे तिनेच शिकवलं. बोल्शेविकांनी वडिलांचं औषधांचं दुकान हिसकावलं, तेव्हा तिचा राग खराच होता. पण त्याच राजवटीत ती पेट्रोग्राडच्या विद्यापीठात फीशिवाय शिकली. १९२६ साली अमेरिकेत आली ती शिकागोच्या नातेवाइकांच्या आधाराने. त्यांनी राहायला जागा दिली, हॉलिवूडला जायला पैसे दिले. आणि १९५७च्या ‘अ‍ॅटलस श्रग्ड’च्या शेवटी स्वतःबद्दल लिहिताना बाई सांगतात, मला कुणी मदत केली नाही!

रोर्कचंही तेच. गरिबांसाठीच्या सरकारी घरांचं डिझाइन तो पीटर कीटिंगच्या नावावर चोरून देतो. त्यात परस्पर बदल होतात, म्हणून तो ती इमारत डायनामाइटने उडवतो आणि ज्युरी त्याला निर्दोष सोडते. वाचताना मी टाळ्या पिटल्या होत्या. तिथे राहायला येणारी कुटुंबं कुठे गेली, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. कादंबरीत त्यांची गाठच पडत नाही ना! रोर्कला आई-बाप नाहीत, मुलंबाळं नाहीत, आजारी म्हातारं कुणी नाही. कुणाचंच काही लागत नसलं की ताठ उभं राहणं सोपं असतं.

आता माझा कोड रोज कुणीतरी बदलतं. रिव्ह्यूमध्ये परत येतो, आणि बहुतेक वेळा समोरच्याचं बरोबर असतं. आमचे सर्व्हर ज्या लिनक्सवर चालतात, ते हजारो लोकांनी एकमेकांच्या चुका दुरुस्त करत लिहिलंय. रोर्कच्या हिशोबाने मी आतापर्यंत अख्खं डेटा सेंटर उडवायला हवं होतं. गंमत म्हणजे, आमच्या बॅचमधले रोर्क सगळे कॅम्पस प्लेसमेंटच्या रांगेत टाय लावून उभे होते. मीही होतो. म्हणजे झालो आम्ही कीटिंगच, फक्त तोंडी भाषा रोर्कची. आणि ती अजून आहे. आरक्षणाचा विषय निघाला की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘मेरिट’ म्हणून जे येतं ते त्याच हॉस्टेलमधून आलेलं असतं. मग फेज संपली कुठे?

त्या रूम पार्टनरचा नंबर अजून माझ्याकडे आहे. डीपीत त्याची मुलगी आहे. दोनदा मेसेज टाइप करून पुसला. काय लिहू त्याला, फेज होती रे म्हणून?