गादी वडिलांची, कागद कोणाचा?

आपल्याकडे बाप थकला की मुलगा गल्ल्यावर बसतो. सातारची पेठ असो की मालवणचा बाजार, दुकानाची पाटी सहसा बदलत नाही. फार तर तिच्यावर ‘आणि सन्स’ एवढे शब्द वाढतात. जागा भाड्याची असली तरी १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा मृत भाडेकरूबरोबर तेथे धंदा करणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क मानतो. दोह्यातल्या छोट्या ‘बकाला’ची गोष्ट मात्र वेगळी आहे.

कतारशी आपला व्यवहार जुना. १९६६ पर्यंत येथे रुपयाच चालत असे. १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी खास नोटा काढल्या होत्या. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ते चलन येथून गेले. पुढे तेलाच्या दिवसांत आलेल्या आपल्या माणसांपैकी कित्येकांनी नोकरी सोडून किराणा, शिवणकाम, घड्याळदुरुस्ती अशी दुकाने थाटली. परवाना आणि मालकी कतारी नागरिकाच्या नावे, भांडवल व कष्ट आपले, आणि वर्षाकाठी ठरलेली रक्कम त्याला द्यायची, अशी रीत होती. संबंध चांगले असत, म्हणून धंदा चाले.

परंतु विश्वास वारसाहक्काने मिळत नाही. २००० च्या कायद्याने परकीयाचा वाटा सर्वसाधारणपणे ४९ टक्क्यांवर बांधला होता. २००४ च्या २५ क्रमांकाच्या कायद्याने दुसऱ्याच्या नावाआड धंदा करणे हा गुन्हा ठरवला, आणि नाव देणाराही त्यात दोषी धरला. म्हणजे वडिलांनी तीस वर्षे चालवलेल्या दुकानाचा खासगी करार न्यायालयात दाखवायला गेल्यास फायद्याऐवजी अडचणच व्हायची. वडील गेले, तर मुलाच्या हाती राहते ती गिऱ्हाइकांची ओळख आणि उधारीची वही.

मुलाच्या वास्तव्याचा प्रश्न आणखी निराळा. वडिलांच्या प्रायोजकत्वाखाली मुलगा साधारण पंचविशीपर्यंतच राहू शकतो. येथे जन्मला म्हणून तो येथला नागरिक होत नाही. २०१८ च्या कायद्याने कायम वास्तव्याचा परवाना आला. त्यासाठी येथे जन्मलेल्यास दहा आणि बाहेर जन्मलेल्यास वीस वर्षांचे वास्तव्य लागते. परंतु वर्षाला शंभरच परवाने द्यावयाचे, अशी मर्यादा त्यात आहे. लाखो परदेशीयांच्या देशात हा आकडा किती पुरणार, हे सांगायला नको.

तथापि दार पूर्वीइतके बंद राहिलेले नाही. २०१९ च्या १ क्रमांकाच्या कायद्याने बँका, विमा, व्यापारी एजन्सी अशी काही क्षेत्रे वगळता, वाणिज्य मंत्रालयाच्या परवानगीने परकीयाला शंभर टक्के मालकी घेता येते. २०२० पासून मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय नोकरी बदलता येते. त्यामुळे दुसरीकडे कामाला असलेल्या मुलालाही रीतसर वडिलांच्या कंपनीत येणे सोपे झाले आहे. मात्र परवानगी, भाडे, हिशेब या सर्वांचा खर्च छोट्या दुकानाला झेपला पाहिजे. मोठ्या हायपरमार्केटांनी आणि घरपोच माल देणाऱ्या ॲपांनी नफ्याचे माप आधीच आखडले आहे.

म्हणून घरातला प्रश्न ‘मुलगा दुकानात बसेल का?’ एवढाच नाही. ‘बसला तर कोणाच्या नावावर?’ हेही विचारले पाहिजे. अनेक वडील हा विषय लांबणीवर टाकतात. इतक्या वर्षांच्या कतारी स्नेह्यासमोर कागदाची गोष्ट काढणे त्यांना कृतघ्नपणाचे वाटते. ही भीड समजण्यासारखी आहे. पण तिची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागते. वडील हिंडते-फिरते आहेत, स्नेहीही हयात आहे, तोवरच दोघांनी एकत्र बसून, जाणत्या वकिलाच्या सल्ल्याने दुकान कायद्याच्या चौकटीत आणावे. ते जमण्यासारखे नसेल, तर मुलाला तसे वेळीच स्पष्ट सांगावे, म्हणजे पंचविशी उलटण्यापूर्वी तो आपली दुसरी वाट शोधू शकेल.