पोलिओच्या बूथवर बाटली कोण वाचतं?

यवतमाळचं सॅनिटायझर प्रकरण बहुतेक लोक विसरले. मी विसरलो नाही, कारण माझा धंदाच बाटल्यांचा आहे. अकोल्यात मेडिकल चालवतो.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा रविवार. घाटंजी तालुक्यातलं कापसी-कोपरी हे गाव, भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतलं. तिथे पाच वर्षांखालच्या १२ लेकरांच्या तोंडात पोलिओच्या डोसाऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब गेले. उलट्या सुरू झाल्या, लेकरं अस्वस्थ झाली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात त्यांना भरती केलं. सगळी बरी झाली, हे त्या मायबापांचं नशीब. बूथवरच्या तिघांवर निलंबनाची कारवाई झाली. मग फेब्रुवारीत अमरावती, अकोला, यवतमाळात कोरोनाची लाट उसळली आणि १२ लेकरांचं प्रकरण त्यात बुडून गेलं.

"काहून जुनं उकरून काढता भाऊ?" असं विचारणारे आहेतच. उकरतो, कारण तिघांना घरी बसवलं की विषय संपला असं ज्यांना वाटलं, त्यांनी त्या टेबलाकडे एकदाही नीट पाहिलं नाही.

त्या तिघांची पाठराखण मी करत नाही. लेकराच्या तोंडात काही टाकायच्या आधी हातातली बाटली वाचणं हे त्यांचं काम होतं, ते झालं नाही. पण एकाच बाटलीने १२ लेकरं झाली. पहिल्या लेकराला चुकलं तर दुसऱ्याच्या वेळी कोणीतरी टोकायला पाहिजे होतं. ना दुसऱ्याला, ना तिसऱ्याला, ना दहाव्याला. एका माणसाच्या दुर्लक्षाने एक चूक होते. १२ होतात तेव्हा मधे अडवणारं काहीच ठेवलेलं नव्हतं, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

त्या महिन्याचा हिशेबही मांडून पाहा. ही पोलिओ फेरी आधी १७ जानेवारीला होती. १६ जानेवारीला कोरोनाची लस सुरू झाली म्हणून ती ३१ तारखेवर ढकलली. लस टोचायचं प्रशिक्षण, याद्या, घरोघरचा सर्व्हे, आणि त्यात पोलिओचा बूथ. माणसं तीच. आशाताईंना त्या दिवसाचा जो भत्ता मिळतो तो शेतातल्या एका दिवसाच्या मजुरीच्याही जवळ जात नाही, हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे. मुद्दा असा की वर्षानुवर्षं ज्या टेबलावर लसीची कुपी, रजिस्टर आणि बोटाला लावायचा मार्कर एवढंच असायचं, तिथे त्या वर्षी सॅनिटायझरची बाटली आली. ती हात धुवायच्या जागी पाहिजे होती, पाजायच्या टेबलावर नाही.

आमच्या धंद्यात ही गोष्ट पोरालाही शिकवावी लागते. डोळ्यात टाकायचे थेंब आणि कानात टाकायचे थेंब, बाटल्या जवळपास सारख्या. म्हणून ते एका फळीवर ठेवायचेच नाहीत, आणि गिऱ्हाइकाच्या हातात देताना नाव मोठ्याने वाचायचं. यात काही मोठं शास्त्र नाही. नोकर हुशार आहे, त्याच्या लक्षात राहील, या भरवशावर दुकान चालत नाही.

पोलिओच्या कुपीवर तर वाचता न येणाऱ्यालाही समजेल अशी खूण छापलेली असते. लेबलवर एक जांभळट गोल, त्याच्या आत फिकट चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस चांगली. कुपीला ऊन, गरमी लागत गेली की चौकोन गडद होत जातो. तो गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला की ती कुपी फेकायची, लेकराला पाजायची नाही. नेहमीच्या लसींमध्ये तोंडावाटे द्यायची पोलिओ लस उष्णतेला सगळ्यात नाजूक. वरच्या साठ्यात ती उणे २० अंशाला ठेवतात, आरोग्य केंद्रात २ ते ८ अंशाला, बूथवर बर्फाच्या पॅकमध्ये. आपल्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. इथे तर ती खूण पाहणं दुप्पट गरजेचं.

सॅनिटायझरच्या बाटलीवर तो गोल नसतो!

ती खूण गरमीसाठी आहे, बाटल्यांची अदलाबदल पकडण्यासाठी नाही, हे मलाही समजतं. पण प्रत्येक लेकराच्या आईला कुपी दाखवून, "ताई, हा पाहा चौकोन, फिकट आहे, पाजू?" एवढं म्हणायची सक्ती असती, तर कापसी-कोपरीत पहिल्याच लेकराला हात थांबला असता. खर्च शून्य रुपये. जास्तीचा वेळ पाच सेकंद.

गडबडी काही आपल्याकडेच होत नाहीत. २०१३ मध्ये पश्चिम बंगालच्या हुगळी जिल्ह्यात शंभरावर लेकरांना पोलिओऐवजी हिपॅटायटिस बीची लस तोंडात पाजली गेली होती. म्हणजे यवतमाळच्या साडेसात वर्षं आधी देशाला धडा मिळालेला होता. २०१८ मध्ये गाझियाबादच्या एका कंपनीच्या लसीत टाइप दोनचा विषाणू सापडला. देशाने तो प्रकार एप्रिल २०१६ मध्येच तोंडी लसीतून काढून टाकला होता. ती लस महाराष्ट्रातही आली होती. अशी भेसळ बूथवरच्या आईला दिसू शकत नाही, ती प्रयोगशाळेनेच पकडायची, आणि तेव्हा पकडलीही. पण जे उघड्या डोळ्यांनी दिसतं ते तरी आईला दाखवा की.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांसाठी. यवतमाळची बातमी आली तेव्हा व्हॉट्सॲपवर लगेच सुरू झालं होतं, "आमच्या लेकराला आम्ही पाजणारच नाही." बाप्पा, त्या लेकरांना त्रास लसीने झाला नाही, लस न मिळाल्याने झाला! १९९५ पासून देशभर पल्स पोलिओ चालला, म्हणून १३ जानेवारी २०११ नंतर भारतात जंगली पोलिओचा एकही रुग्ण नाही, आणि २७ मार्च २०१४ ला आपण पोलिओमुक्त ठरलो. चाळिशीच्या पुढच्या माणसाने आपल्या वर्गातली कॅलिपर घातलेली पोरं आठवून पाहावी.

काही लेकरांना मात्र हे थेंब देऊ नयेत, आणि ते बूथवर कोणी विचारत नाही. तोंडी लसीत जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. रक्ताच्या कॅन्सरसाठी नागपूरला केमो चालू असलेलं लेकरू, जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेलं लेकरू, यांच्या बाबतीत आधी त्यांच्या डॉक्टरला विचारायचं. त्यांच्यासाठी मेलेल्या विषाणूचं इंजेक्शन असतं. घरात असा रुग्ण असेल तर त्याच्या भावंडांबद्दलही विचारायचं, कारण पाजलेला विषाणू काही आठवडे शौचातून बाहेर पडत राहतो. साधी सर्दी, खोकला, बारीक ताप, जुलाब यासाठी डोस टाळायचा नाही. "घरात कोणाला मोठा आजार आहे का?" हा एक प्रश्न बूथवर विचारायला काय हरकत आहे?

सगळ्यात जास्त काळजी मला मेळघाटाची वाटते. पोट फुगलेल्या लेकराला तापल्या विळ्याने डाग द्यायची रीत जिथे अजून पुरती गेली नाही, तिथे धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांवर आशाताई पायी फिरून विश्वास कमावतात. यवतमाळसारखी एक बातमी तो पुसून टाकते, आणि मग शिव्या खायला त्याच ताई उभ्या असतात, मुंबईचा साहेब नाही.

अमरावती विभागाच्या पाचही जिल्हा परिषदांना माझं सांगणं आहे. कापसी-कोपरीचा चौकशी अहवाल आरोग्य केंद्राच्या फलकावर मराठीत लावा, नावं झाकून लावा, पण काय झालं ते लिहा. पाजायच्या टेबलावर लसीशिवाय दुसरी कुठलीच बाटली नको, अगदी पाण्याचीही. आणि कुपी आईला दाखवल्याशिवाय थेंब नाही, हे लेखी आदेशात आणा.

आदेश येईल तेव्हा येईल. पुढच्या पोलिओ रविवारी लेकराला, नातवाला घेऊन जाल तेव्हा ताईंना गोडीत म्हणा, "कुपी दाखवा ना जरा." आणि टेबलावर काय काय ठेवलेलं होतं त्याचा फोटो इथे खाली टाका. लेकराचा किंवा ताईंचा चेहरा नको, फक्त टेबल.